समुद्राकाठचा झिरा

आमच्याकडे मुलगी द्यायची म्हटलं की मुलाला जमीन किती, हे मागाहून विचारत. पहिला प्रश्न पाण्याचा. गावचं पाणी गोड की खारं? गोड म्हणजे साखरेचं नव्हे हं, पिण्याजोगं. अकोल्याहून दर्यापूरच्या अंगाला निघालं की जमीन तशीच काळीभोर, कपाशी-तूर तशीच उभी, पण विहिरीत पोहरा सोडला की वर येतं ते खारं. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. त्या पाण्यात तुरीची डाळ कितीही रटरटवा, ती दाताखाली टणकच लागते. चहा फाटतो. साबणाला फेस येत नाही. माझं माहेर त्या पट्ट्याच्या ऐन मधोमध. आमच्या लेकीबाळी माहेरी येताना पेढे आणत नसत, गोड पाण्याची कळशी आणत. फडक्यानं तोंड बांधून, बैलगाडीत मांडीवर धरून. माझी आत्या आली की माय आधी तिच्या हातातली कळशी घ्यायची आणि मग तिच्या पाया पडायची.

अशा गावात माझा बा सांगायचा की त्यानं समुद्राच्या काठावर, वाळूत हातभर खड्डा करून, गोड पाणी काढलं आणि पोटभर पेलं.

आता तुम्हीच सांगा, लोक हसतील नाही तर काय करतील?

बा लढाईत गेला होता. त्या मोठ्या लढाईत, जपान आणि जर्मनी होते त्या. वीस-एकवीस वर्षांचा असेल. पण बंदुकीपेक्षा त्याच्या हातात फावडंच जास्त होतं. त्याची तुकडी पूर्वेच्या समुद्राकाठी बसवली होती, विशाखापट्टणमच्या बाजूला, जपानी जहाजं येतील म्हणून. तिथं वाळूत सिमेंटच्या खोल्या बांधल्या होत्या, बुटक्या, जाड भिंतींच्या, समुद्राकडे एक आडवी फट ठेवून. बा म्हणायचा, "आपल्या ज्वारीच्या कोठीसारखी, पण कोठीत दाणा राह्यते अन् तिच्यात आमी." विमानं आली, शहरावर बॉम्ब पडले, काठावरची माणसं पोरंबाळं घेऊन समुद्रापासून लांब, आतल्या गावांत पळाली. वस्त्या रिकाम्या. पाण्याची गाडी दोन-दोन दिवस यायची नाही. तेव्हा मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीनं ह्या पोरांना वाळूत झिरा खोदायला शिकवलं.

झिरा आम्हालाही ठाऊक होता. उन्हाळ्यात पूर्णा आटली की बायका नदीच्या वाळूत खड्डा करून, नारळाच्या नरोटीनं पाणी वेचून घागर भरत. पण तो नदीचा झिरा. समुद्राच्या कडेला गोड झिरा? गावात म्हणच पडली. कोणी थाप मारली की लोक म्हणत, "झालं, समुद्राचं गोड पाणी!"

बा चिडत नसे. तो तेच परत सांगायचा, पहिल्यांदा सांगतो आहे अशा चवीनं. थंडीच्या दिवसांत आम्ही शेकोटीभोवती बसायचो आणि बा हातानं राख सारून दाखवायचा. हा समुद्र, ही भरतीची रेघ, हे ताडाचे झाडं, इथी खोदायचं. मी त्या राखेत बोट घालून पाहायची. मला तर ते सारं खरं वाटायचं. लहान होते ना.

मग विहिरीचं झालं.

गावात गोड पाण्याची विहीर एकच होती, आणि तिला आमच्या वस्तीचा हात लागायचा नाही. आमच्या बायका खाली घागरी मांडून बसत. कोणाला दया आली की वरून धार सोडत. आम्ही बुद्धाचा धर्म घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण त्या विहिरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस माय सकाळी गेली ती उन्हं कलल्यावर रिकामी घागर घेऊन आली. बानं घागर पालथी घातली आणि म्हणाला, "आता दुसऱ्याच्या ओंजळीनं पेनं बंद. आपली विहीर आपण खोदू."

त्यानं नाल्याच्या काठची जागा धरली. म्हणे, समुद्राकाठी जे होते तेच इथी होईल. वस्तीतली दहा घरं तयार झाली. माझा थोरला भाऊ तेव्हा पंधरा-सोळाचा, मॅट्रिकच्या वर्षाला. सगळ्यांत सडपातळ आणि सगळ्यांत जोरकस, म्हणून खड्ड्यात उतरायचा तोच. दिवाळी झाल्यावर सुरुवात केली ती होळीपर्यंत. सकाळी शाळा बुडवायची, संध्याकाळी अंगभर माती घेऊन वर यायचं. मी वरून भाकर सोडायची त्याच्यासाठी, दोरीला बांधून.

आणि एका संध्याकाळी वस्तीभर बातमी फिरली, पाणी लागलं! सगळे धावले. कंदील लावून पोहरा सोडला. पहिली ओंजळ वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दिली. त्यानं तोंडात घेतली आणि थुंकली.

खारं. गावातल्या बाकी विहिरींपेक्षाही खारं.

बा सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जागा चुकली माही." बस, एवढंच. चार महिन्यांची दहा घरांची मेहनत नाल्याकाठी तशीच उघडी पडली. भाऊ मॅट्रिक नापास झाला. तो अकोल्याला निघून गेला, जिनिंग फॅक्टरीत लागला, तिथंच म्हातारा झाला. बाशी त्यानं पुढं कधी सरळ तोंडानं बोलणं ठेवलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बाच्या थापेनं माही मॅट्रिक गिळली." बाच्या शेवटच्या दुखण्यात आला होता. उशाशी बसला. पण तोंडात पाणी घालायची वेळ आली तेव्हा उठून बाहेर गेला. ते पाणी मी घातलं.

माझंही सांगते, लपवून काय करू. विहिरीनंतर दोन वर्षांनी मला पाहायला पाहुणे आले होते. त्यातला एक जण बाला डिवचायला म्हणाला, "काय गा, ते समुद्राचं गोड पाणी पाजता का आमाले?" मी चहाची थाळी घेऊन उभी होते. चौदा वर्षांची, जीभ कात्रीसारखी. मी पटकन म्हणाले, "ते पाणी बानं एकट्यानंच पेलं, आमच्या वाट्याले खारंच आलं." पाहुणे असे हसले की एकाच्या हातातली बशी कलंडली. बाही हसला. पण त्या दिवसानंतर समुद्राची गोष्ट त्यानं कधी काढली नाही. शेकोटी पेटायची, पोरं म्हणायची सांगा ना, आणि तो म्हणायचा, "इसरलो मी."

बा जाऊन तीस वर्षं होऊन गेली. माझी पंचाहत्तरी उलटली. पुष्कळ गोष्टी विसरते, चष्मा कुठं ठेवला ते विसरते, पण ते "इसरलो मी" विसरत नाही. बा खरं बोलत होता की नव्हता, एवढं मला मरायच्या आधी पाहायचं होतं. खरं बोलत असेल तर मी काय केलं ते मला कळायला नको?

गेल्या साली माझ्या लेकीची बदली विशाखापट्टणमला झाली. बँकेत आहे ती. फोनवर म्हणाली, "आई, इथून पुढे किनाऱ्यानं गेलं की शांत शांत गावं आहेत कोळ्यांची. आणि आजोबांच्या गोष्टीतल्या म्हणून तू सांगायचीस ना, तसल्या सिमेंटच्या खोल्या अजून आहेत वाळूत. मी पाहिल्या." मी अमरावतीहून तडक अकोला गाठलं, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात भाऊ राहतो तिथं.

भाऊ ओट्यावर बसून लसूण सोलत होता.

"चाल गा समुद्रावर," मी म्हटलं.

"कावून? मले काय जहाज घेनं हाये?"

"बाची जागा पाह्यची हाये."

त्याचा हात थांबला. मग परत लसूण. "त्या जागेनं माह्यं काय भलं केलं? तूच जाय. तुले बाचा लय पुळका."

"अन् मी एकटी रस्त्यात मेली तं?"

"तू नाई मरत. यम तुह्या बडबडीनं परत जाईल."

दोन दिवस ठाण मांडून बसले तेव्हा तयार झाला. भावजय म्हणाली, घेऊन जा बाई, आठ दिवस घरात शांतता तरी राहील.

नागपूर-रायपूरवरून जाणारी गाडी पकडली. पुऱ्या, जवसाची चटणी, संत्री. भाऊ खिडकीपाशी बसला आणि जमीन वाचत गेला. हे भाताचं, हे पडीत, हे जंगल. त्याला आयुष्यभर वावर मिळालं नाही, पण जमिनीवरून नजर हटत नाही त्याची. ओडिशाच्या डोंगरांत गाडी बोगद्यांतून जायला लागली तशी त्यानं मला ढोसलं, "पाह्य वं, उंदरावानी बिळातून नेऊन राहिले आपल्याले." लहानपणी आम्ही दोघं एकाच गोधडीत झोपायचो, तेव्हा तो असंच ढोसून काही तरी सांगायचा. विहिरीनंतर तो हसायचाच थांबला होता, की मीच लग्न होऊन गेले म्हणून पाहिलं नाही, कोण जाणे.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लेकीच्या गाडीतून, एका वळणावर. खरं सांगू, मला आधी ते मोठं नांगरलेलं वावर वाटलं, निळं. नांगराचे तास हलत होते एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भावाकडे पाहिलं तर तो काच खाली करून बघत होता.

"कसा काय?" लेकीनं विचारलं.

"एवढं पाणी अन् एक घोट कामाचा नाई," तो म्हणाला. "आपल्या गावावानीच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आम्हाला त्या कोळ्यांच्या गावाकडे घेऊन गेली. नाव नाही लिहीत, लिहिलं की लोक गर्दी करतात. शहर मागं पडलं, मग लाल माती, काजूची झाडं, आणि ताडांच्या रांगेपलीकडे रिकामा किनारा. एकही भेळेची गाडी नाही. तीन-चार नावा वाळूत ओढून ठेवलेल्या, पुढून रंगवलेल्या, त्यांना डोळे काढलेले. जाळी पसरलेली. एक कुत्रं नावेच्या सावलीत. लाटांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाजच नव्हता. असं शांत ठिकाण आणि इथं कधीकाळी माणसं आभाळाकडे बघत, जीव मुठीत धरून बसली होती.

आणि ती होती. सिमेंटची खोली. एका बाजूला कललेली, अर्धी वाळूत रुतलेली, बाहेरून काळी पडलेली. आडवी फट तशीच. कोणी तरी त्या फटीतून दोरी ओवून मासे वाळत घातले होते.

मी वाकून आत पाहिलं. ओलसर, शेवाळलेली, दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा. बानं राखेत काढून दाखवली होती तशीच. मी भिंतीला हात लावला. तिथंच रडायला येईल असं वाटलं, म्हणून मोठ्यानं म्हणाले, "बा, तुही कोठी सापडली रे!"

"कोठी खरी निंघाली," भाऊ मागून म्हणाला. "कोठी खोटी हाये असं कोणी म्हणत नव्हतंच. पाण्याचं बोल."

"मंग चाल, पाणी पाहू."

लेकीच्या गाडीत फावडं होतं, बागेचं, लहान. मी राखेतला नकाशा आठवला. भरतीची रेघ कुठवर येते ते कचऱ्यावरून दिसत होतं. तिथून वर, ताडांच्या बाजूला, वाळू जिथं थोडी सखल होती तिथं मी पाय आपटला. "इथी. बा म्हणे, हातभर."

मी खोदायला लागले, पण माझ्या कमरेनं दोनच फावड्यांत जबाब दिला. भावानं माझ्या हातातून फावडं ओढलं. "सर तिकडे. बाईमानसाच्या हातानं विहीर होते काय?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. पण फावडं हातात आल्याबरोबर त्याचे खांदे बदलले. लयीत खोदत होता. हातभर झालं. वाळू ओली झाली. तळाशी थोडं थोडं पाणी जमायला लागलं.

"बस, बस," मी म्हटलं. "बा म्हणे एवढंच."

"एवढ्यानं काय होते? हे तं चिमणीलेही पुरत नाई." तो थांबला नाही. आमच्याकडचं माणूस असंच. खारपाणात पाणी शोधायचं म्हणजे खाली, आणखी खाली, कधी तरी गोड लागेल ह्या आशेवर. खोल जाणं एवढीच आम्हाला अक्कल. दंडापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तो गुडघ्यावर बसून आत वाकून खणत होता. वाळू कडेनं ढासळत होती. आणि मग भसकन पाणी आलं, चांगलं खड्डाभर.

त्यानं ओंजळ भरली. चाखली. थुंकली. आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, हा जिंकल्यासारखा हसेल. पण त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"घे," तो म्हणाला. "झालं तुह्यं समाधान?"

मी बोट बुडवून चाखलं. खारं. जिभेला चिकटणारं, आमच्या विहिरीचं होतं तसंच. मी वाळूत बसले. म्हटलं, बा, तू खरंच थाप मारत होता का रे? शेकोटीजवळ बसवून, आमच्या डोळ्यांत पाहून?

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. कोळणी होत्या, पाच-सहा, डोक्यावर स्टीलचे आणि प्लास्टिकचे हंडे. पुढची माझ्या वयाची असेल, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. ती भावाच्या खड्ड्यात डोकावली आणि तेलुगूत काय काय बोलली. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय म्हणते?" मी लेकीला विचारलं. तिला थोडं थोडं कळतं.

"म्हणते, हे आजोबा समुद्रालाच भोक पाडायला निघालेत."

भाऊ उठायला लागला. त्या बाईनं त्याच्या हातावर चापट मारली, फावडं काढून घेतलं, पायानं वाळू लोटून त्याचा खड्डा बुजवला. मग दहा पावलं ताडांकडे सरकली आणि बसून हातानंच उकरायला लागली. कोपरापर्यंत नाही झालं तोच थांबली. कडा थापून नीट केल्या. तळाशी पाणी झिरपत होतं. पहिलं गढूळ पाणी नरोटीनं काढून टाकलं. परत झिरपू दिलं. तेही काढून टाकलं. लेक मध्ये मध्ये सांगत होती. "म्हणते, पावसाचं गोड पाणी वर असतं, हलकं. समुद्राचं खारं त्याच्या खाली, जड. गोड तेवढं वरच्या वर उचलायचं. खोल गेलात की खालचं वर येतं आणि मग तो खड्डा कामातून गेला. घरात नळ आहे, पण त्याला रोज पाणी येत नाही, म्हणून अजून इथून नेतात."

त्या बाईनं नरोटी भरून माझ्यापुढे धरली. गढूळसर होतं जरा. मी डोळे मिटून तोंडाला लावली.

काय सांगू तुम्हाला. आत्या कळशीतून आणायची तसं गोड.

मी नरोटी भावाकडे केली. त्यानं घेतली नाही. नुसता त्या लहानशा खड्ड्याकडे बघत राहिला. मग वळला आणि सिमेंटच्या खोलीकडे चालायला लागला. मी मागोमाग गेले. लेकीला हातानंच सांगितलं, तू थांब.

तो खोलीच्या सावलीत भिंतीला टेकून बसला होता. मी शेजारी बसले. मला वाटलं, बाला आयुष्यभर खोटा म्हटल्याचं दुःख होत असेल. म्हणून समजूत घालायला म्हटलं, "आपल्याले काय माहीत होतं गा? सारं गावच हसे."

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

मला कळलंच नाही.

"पाणी लागलं होतं, बाई. आपल्या विहिरीत. गोड."

लाटा येत होत्या, जात होत्या.

"पाच परस झाली होती विहीर, पाच मानसं एकावर एक उभी राह्यतील एवढी. दुपारी कडेनं पाझर फुटला. म्या चाखला. बाले हाक मारली, तो उतरला, त्यानं चाखला. गोड, बाई. बा रडला तिथी, खाली, मातीत. म्हणे, थांब आता, फावडंही लावू नको. मी वर जाऊन गोटे आणतो, कडा बांधू, हळूहळू पाझरू देऊ. तो वर गेला." भावानं वाळू मुठीत घेतली, सोडली. "म्या पाह्यलं, ओंजळभर पाणी. दहा घराले काय पुरते? म्हटलं, अजून दोन हात जातो, बा येईलोक धार लावून देतो. बा खूश होईल. टिकास मारला. दोन हात गेलो अन् खालून भसकन आलं. आत्ता आलं ना, तसंच."

"खारं."

"खारं. अन् वरून लोकं पोहोचले कंदील घेऊन."

मला ती संध्याकाळ दिसली. म्हातारा थुंकला तो, आणि बा पुढं होऊन म्हणाला ते. जागा चुकली माही.

"मंग साठ वर्षं गप कावून राहिला तू?" माझा आवाज चढला. "सारं गाव बाले खोटं म्हणत होतं. तू म्हणत होता! मॅट्रिक गिळली म्हणत होता!"

"सांगाले निंघालो होतो. दुसऱ्याच दिवशी चावडीपुढं लोकं बाले चिडवून राहिले होते. म्या म्हटलं, सांगतो मी, माह्या हातानं झालं. बानं माहा दंड धरला, असा, बोटं रुतले. म्हणे, एका घरातले दोघं कशाले हसवतं लोकायले? मी एकटा पुरतो." त्यानं नाक पुसलं. "तुह्यं अख्खं आयुष्य जायचं हाये, म्हणे. दहा घरं तुले बोल लावतील. मले काय, मी पह्यलेच गप्पाड्या. अन् मंग तो जसजसा गप राह्यला, तसतसा मले त्याचा राग येत गेला. त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का मले ते पाणी दिसे. म्हणून अकोल्याले पळालो. म्हणून त्याले शेवटचं पाणी पाजाले माहा हात नाई उठला. कोणत्या हातानं पाजू?"

मी त्याचा हात धरला. वाळूनं खरखरीत झाला होता. त्याला रागावू की जवळ घेऊ, हे मला कळत नव्हतं. दोन्ही करावंसं वाटत होतं.

मग मी माझं विचारलं. "पाहुण्यासमोर मी बोलली होती, तुले आठवते? त्या दिवशी तू आला होता घरी. बाले लागलं होतं का रे ते?"

तो नाही म्हणू शकला असता. इतकं सगळं ऐकल्यावर मला वाटलं, आता तरी म्हणेल, नाही गं.

"लागलं होतं," तो म्हणाला. "रात्री जेवला नाई. मले म्हणे, पोरीची जीभ तेज हाये, इले वकील कराले पायजे होतं." मग गुडघे चोळत, "पण रडला नाई. मले वाटे रडंल."

मी म्हटलं, "बरं." साठ वर्षांनी एवढं तरी खरं कळलं. ते लागलं होतं, आणि तरी त्यानं मला वकील केलं असतं. दोन्ही माझ्याजवळ राहू दे.

भाऊ भिंतीला धरून उठला. झिऱ्यापाशी गेला, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसला. नरोटी बाजूला ठेवून ओंजळीनंच पाणी घेतलं, वरच्या वर, तळाला बोट न लावता. पेला. परत घेतलं. पीतच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि पाठ हलत होती.

मागून ती बाई काही तरी बोलली. बाकीच्या रांगेत हंडे घेऊन बसल्या होत्या, ऊन चढत होतं.

"मामा," लेक हळूच म्हणाली, "त्या म्हणतात, आजोबांचं झालं असेल तर जरा सरका. आम्हाला पाणी भरून कामावर जायचंय."

"हो, हो, भरा माय, भरा," भाऊ म्हणाला, आणि हातानं तोंड पुसत, ओशाळत बाजूला सरकला.